वॉलिंगफर्ड

वॉलिंगफर्ड : इंग्लंडच्या ऑक्सफर्डशर परगण्यातील, टेम्स नदीच्या पश्चिम काठावरचे जुने बाजारगाव. ते ऑक्सफर्डच्या आग्नेयेस सु. २० किमी. अंतरावर असून रेडिंगही साधारण तेवढेच दूर आहे. १९७४ पर्यंत ते बार्कशरमध्ये मोडत असे. त्यामुळे जुन्या संदर्भग्रंथांत ते त्या परगण्याखाली शोधावे लागते.

नावातील ‘फर्ड’ म्हणजे नदी पायी ओलांडण्याजोगा उतार, याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो पहिल्या पदाविषयी. ‘वेल्ह’ नावाच्या कोणा पुरुषाच्या लोकांचा उतार, असा अर्थ सामान्यतः दिला जातो. तथापि जुन्या इंग्लिशमध्ये ‘वेल्ह’ म्हणजे परका, विशेषतः ब्रिटन (सॅक्सनांपूर्वीच्या मूळ रहिवाशांच्या) वंशाचा मनुष्य. म्हणून येथे सॅक्सनांच्या आगमनानंतरही ब्रिटनांची वस्ती टिकली होती, असा तर्क काहींनी केला. नावाच्या मधल्या भागातील ‘इंग’ हा प्रत्यय सहसा कुळ किंवा अनुयायी दर्शवतो, हे ध्यानी घेता पहिला अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो.

गावाचा चौकोनी आराखडा व परस्परांना काटकोनात छेदणारे रस्ते पाहून पूर्वी ते रोमन नगर समजले जाई. परिसरात रोमनकालीन वस्तू सापडल्या असल्या, तरी नगराचा पुरावा मिळालेला नाही. आज हा आराखडा वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाने डेन आक्रमकांविरुद्ध उभारलेल्या ‘बर्ह’चा, म्हणजे तटबंद ठाण्याचा, मानतात. अशा ठाण्यांची एक यादी उपलब्ध आहे. ती साधारणतः दहाव्या शतकाच्या आरंभीची धरतात. काही अभ्यासक तिला ८८० च्या आसपास नेतात, परंतु तो पक्ष अद्याप सर्वमान्य नाही. यादीत वॉलिंगफर्डला वेसेक्सचे प्रमुख नगर असलेल्या विंचेस्टरइतकेच २,४०० हाइड (जमीन आकारणीचे एकक) नेमून दिले आहेत. दर हाइडमागे एक माणूस आणि २२ यार्ड तटासाठी १६ माणसे, असा हिशेब तिच्याच एका प्रतीत आहे. त्यावरून तटाची लांबी ३,३०० यार्ड, म्हणजे सु. ३,००० मी. निघते. विंचेस्टरच्या भिंतीशी हे माप चांगले जुळते. वॉलिंगफर्डला मात्र मातीचे तट व खंदक तीनच बाजूंना दिसतात, कारण चौथ्या बाजूला नदी आहे. ती बाजू संरक्षणाच्या हिशेबात धरायची की नाही, यावर सगळे गणित अवलंबून आहे. तटाच्या आतील किनक्रॉफ्ट व बुलक्रॉफ्ट ही मोकळी मैदाने कधीच दाटीने वसली नसावीत. म्हणूनच इंग्लंडमधील सर्वोत्तम टिकलेल्या सॅक्सन तटबंद्यांत या गावाची गणना होते.

१००६ मध्ये डेन लोकांनी गाव जाळले. १०६६ मध्ये विजेत्या विल्यमने लंडनकडे जाताना टेम्स येथेच ओलांडली व लौकरच किल्ला उभा राहिला. डूम्सडे नोंदवहीत (१०८६) किल्ल्यासाठी आठ घरे पाडल्याचा उल्लेख आहे. इंग्लंडच्या गादीसाठी स्टीफन व मटिल्डा यांच्यात झालेल्या यादवी युद्धात किल्लेदार ब्रायन फिट्झकाउंटने तो मटिल्डासाठी लढवला. ११४२ च्या हिवाळ्यात ऑक्सफर्डच्या वेढ्यातून निसटलेली मटिल्डा येथेच आश्रयाला आली. हे युद्ध मिटवणाऱ्या ११५३ च्या तहाला ‘वॉलिंगफर्डचा तह’ म्हणण्याचा प्रघात आहे. येथे झाला तो समोरासमोर उभ्या सैन्यांमधील तात्पुरता समेट. वारसाहक्काच्या अटी त्याच वर्षी नंतर विंचेस्टरला ठरल्या. तेव्हा तहाला विंचेस्टरचे नाव देणे अधिक काटेकोर ठरेल. राज्य मिळाल्यावर मटिल्डाचा मुलगा दुसरा हेन्री याने ११५५ मध्ये गावाला सनद दिली आणि आपला वारसा मिळवण्यासाठी गावकऱ्यांनी सोसलेल्या कष्टांचा तीत उल्लेख केला. शुक्रवारचा आठवडे बाजार आजही सनदी बाजार म्हणूनच भरतो.

१३४८–४९ च्या महामारीने गाव खचले. १४१६ मध्ये ॲबिंग्डनला पूल झाल्यावर रहदारीही तिकडे वळली. सतराव्या शतकात राजा व संसद यांच्यात झालेल्या यादवी युद्धात किल्ला राजपक्षाच्या अखेरच्या ठाण्यांपैकी एक होता. जुलै १६४६ मध्ये तो शरण आला आणि १६५२ मध्ये पाडण्यात आला. आज त्याचे थोडे अवशेष व मातीचे उंचवटे उरले आहेत. खांबांवर उभे असलेले नगरगृह १६७० चे आहे.

दगडी पूल सु. २७० मी. लांब असून त्याला वीसच्या आसपास कमानी आहेत. नदीचे पात्र एवढे रुंद नाही. बऱ्याच कमानी पूर्वेकडील पूरमैदानावर आहेत आणि एरवी त्यांखाली गवतच असते. काही कमानींत तेराव्या शतकातील बांधकाम शिल्लक असावे. १८०९ मध्ये पुराने हानी झाल्यावर तीन कमानी नव्याने बांधल्या. जड वाहतुकीचा भार १९९३ मध्ये दक्षिणेला विंटरब्रुक पूल झाल्यावर हलका झाला. गावाखाली १८३८ मध्ये बांधलेला जलपाश (लॉक) पाण्याची पातळी जेमतेमच उचलत असे, म्हणून १८८३ मध्ये तो काढून टाकला. त्यामुळे बेन्सन ते क्लीव्ह या जलपाशांमध्ये सु. १०.५ किमी.चा सलग टप्पा तयार झाला. टेम्सच्या भरतीमुक्त भागातील हा सर्वांत लांब टप्पा. वल्हवणाऱ्यांना मध्येच थांबावे लागत नाही, म्हणून ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नौकापथकाचे नौकागृहही येथे आहे.

जलविज्ञानात या गावाच्या नावाला वेगळेच वजन आहे. पलीकडच्या काठावर, हाउबरी पार्क येथे १९५१ पासून जलगतिकी संशोधन केंद्र आहे. या केंद्राचे पहिले संचालक सर क्लॉड इंग्लिस हे त्यापूर्वी मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे कामात व पुण्याजवळ खडकवासला येथील जलसंशोधन केंद्रात होते. नदीची लहान प्रतिकृती करून प्रवाह व गाळ यांचा अभ्यास करण्याची पद्धत त्यांनी खडकवासल्यात रुजवली आणि तोच अनुभव घेऊन ते इंग्लंडला परतले. पश्चिम घाटातील नद्यांच्या महत्तम पुरासाठी त्यांचे सूत्र महाराष्ट्रातील स्थापत्य अभियंते आजही शिकतात. एरवी वसाहतीतले ज्ञान मायदेशाकडून आले असे गृहीत धरले जाते. येथे प्रवास उलट्या दिशेने झाला, याची नोंद इंग्लंडविषयक ग्रंथांत अधिक ठळकपणे व्हायला हवी. त्याच काठावरील जलविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९७५ मध्ये ब्रिटनमधील पुरांचा पायाभूत अभ्यास प्रसिद्ध झाला.

विधिज्ञ विल्यम ब्लॅकस्टोन (मृ. १७८०) यांची समाधी सेंट पीटर चर्चमध्ये आहे. रहस्यकथालेखिका ॲगाथा ख्रिस्ती १९३४ पासून विंटरब्रुक येथील घरात राहत. १९७६ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्या ज्या हौशी नाट्यमंडळाच्या अध्यक्ष होत्या, त्यानेच १८५६ चा धान्यबाजार विकत घेऊन त्याचे नाट्य-चित्रपटगृह केले. त्यांचा पुतळा २०२३ मध्ये उभारला. चोल्सीला जाणारा १८६६ चा लोहमार्ग प्रवाशांसाठी १९५९ मध्ये बंद झाला. आता हौशी स्वयंसेवक त्यावर जुन्या गाड्या चालवतात. गावकरी या गाडीला ‘बंक’ म्हणतात आणि ‘बंकफेस्ट’ या वार्षिक लोकसंगीत महोत्सवाचे नावही तिच्यावरूनच पडले आहे.