फोटोशॉपच्या आधीचे चेहरे खरंच ‘अस्सल’ होते?

“त्या काळी फोटोशॉप नव्हतं, तरी नट्या अशा दिसायच्या!” १९३०च्या दशकातल्या हॉलिवूडच्या कृष्णधवल छायाचित्रांखाली ही ओळ वर्षानुवर्षं फिरते आहे. फोटोशॉप १९९० साली आलं, हे खरंच. पण रिटचिंग, म्हणजे छायाचित्रातले दोष झाकण्यासाठी केलेली दुरुस्ती, त्याच्या कितीतरी आधीपासून, १९व्या शतकापासून चालू होतं.

स्टुडिओतले छायाचित्रकार बहुधा ८ बाय १० इंचांची निगेटिव्ह (जिच्यावरून छायाचित्र छापतात ती मूळ फिल्म) वापरत. एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर हाताने काम करता येतं. निगेटिव्हमध्ये गडद-फिकट सगळं उलटं असतं. सुरकुतीची सावली तिथे फिकट, पारदर्शक दिसते. रिटचर त्या जागी टोकदार शिसपेन्सिलीने अगदी बारीक रेघा भरत असे. मग छपाईत तेवढ्या भागातून कमी प्रकाश जातो आणि सुरकुती उजळून नाहीशी होते. याउलट, काही गडद करायचं असेल तर पात्याने निगेटिव्हवरचा चित्राचा थर हलकेच खरवडत. हे फार कौशल्याचं काम होतं, आणि त्या कारागिरांची नावं सहसा कुठे छापली जात नसत. त्याची मला खरोखर खंत वाटते.

प्रकाशयोजनेचाही वाटा होताच. मुख्य दिवा समोरून, उंचावर ठेवला की गालांची हाडं उठून दिसतात.

पडताळायचंय? आपल्याकडच्या स्टुडिओंमध्येही पेन्सिलीने रिटचिंग होत असे. घरात एखादी जुनी मोठी निगेटिव्ह असेल तर कडेला धरून उजेडात तिरकी करा. रिटचिंग झालं असेल तर चेहऱ्याच्या जागी शिशाची बारीक चमक दिसू शकते.