फलकावर किती लिहावे?

ताशी ११० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे ३० मीटर अंतर कापते. रस्त्याकडेच्या फलकावरील अक्षरे दीडशे मीटरवरून वाचता येऊ लागली, तर फलक मागे पडेपर्यंत चालकाला जेमतेम पाच सेकंद मिळतात, आणि त्यातलाही बराच वेळ पुढच्या गाडीकडे आणि आरशाकडे पाहण्यात जातो.

ब्रिटनमधील पहिला मोटरवे, प्रेस्टन बायपास, १९५८ साली खुला झाला. त्याचे फलक करणाऱ्या जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी, वेगात फलक वाचणाऱ्या माणसाला नेमके काय हवे असते, या प्रश्नापासून सुरुवात केली. मला हीच या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण आपल्याकडची सगळी माहिती सांगून टाकण्याचा मोह फलक लावणाऱ्याला नेहमीच होतो.

या मोहाची किंमत मोजता येते. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखू येण्यासाठी त्याच्या उंचीने डोळ्याशी साधारण एक द्वादशांश अंशाचा कोन करावा लागतो. म्हणजे ३० सेंटिमीटर उंचीचे अक्षर चांगल्या उजेडात फार तर दोनशे मीटरवरून वाचता येते, आणि पावसात, रात्री किंवा उतारवयात हे अंतर आणखी घटते. आता तेवढ्याच फलकावर गावांची नावे दुप्पट केली आणि त्यासाठी अक्षरांची उंची निम्मी केली, तर वाचनाचे अंतर निम्मे होते, त्यामुळे वेळही निम्मा होतो, आणि तो दुप्पट नावांत वाटला गेल्याने प्रत्येक नावाच्या वाट्याला पूर्वीच्या चौथा हिस्साच वेळ येतो.

ब्रिटनमधील रस्त्यांवरच्या फलकांचा आढावा घेणाऱ्या वॉरबॉइझ समितीच्या १९६३ च्या अहवालानंतर याच जोडीचे फलक १ जानेवारी १९६५ पासून ब्रिटनच्या इतर रस्त्यांवरही लागू झाले. त्यांतल्या चौकाच्या फलकावर चौकाचा साधा नकाशाच असतो: मुख्य रस्त्याची रेघ जाड, दुय्यम रस्त्याची बारीक. कोणता रस्ता मोठा, हे सांगायला तिथे एकही शब्द खर्ची पडत नाही.

मात्र मजकूर कमी करत जाणे हेही उत्तर नव्हे. चौक ओलांडल्यावर पुढच्या गावांची नावे आणि अंतरे सांगणारा फलक बहुधा नवे काहीच सांगत नाही, तरीही तो हवाच, कारण वळण बरोबर घेतले की नाही या शंकेत असलेला चालक नकळत वेग कमी करतो किंवा मोबाइलकडे पाहतो.

महाराष्ट्रातल्या महामार्गांवर हे गणित अधिक कठीण आहे. एकच नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत लिहावे लागते, शिवाय देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि उकार यांना शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खाली जागा सोडावी लागत असल्याने तेवढ्याच ओळीत मूळ अक्षर लहान होते. म्हणून इथे एका फलकावरची गावे आणखी कमी ठेवून उरलेली पुढच्या फलकावर नेणे भाग आहे.