धातू गेला कुठे? टाकसाळीतली चूक आणि नंतरची मोडतोड

फोर्टच्या फुटपाथवर किंवा चोर बाजारात ‘एरर’, म्हणजे छापतानाच चुकलेली, म्हणून विकायला ठेवलेली बरीच नाणी टाकसाळीतून धडधाकट बाहेर पडलेली असतात. त्यांचं रूप पालटतं ते पुढे, कानशीखाली, आम्लात, वस्तू घट्ट आवळणाऱ्या व्हाइसमध्ये किंवा लोकलच्या चाकाखाली. खरं-खोटं पारखायला दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्हर्निअर कॅलिपर आणि लोहचुंबक एवढी सामग्री पुरते. बाकी काम एका प्रश्नाचं: इथला धातू गेला कुठे?

आधी नाणं कसं घडतं ते पाहू. पत्र्यातून चकत्या कापतात, भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात आणि दाबून त्यांची कड उचलतात. मग कोरी चकती ‘कॉलर’ नावाच्या कड्यात बसते आणि वर-खालच्या दोन डाय, म्हणजे छाप उलटा कोरलेले ठसे, तिच्यावर प्रचंड दाबाने येतात. धातू न वितळताही त्या दाबाखाली वाहतो आणि डायच्या खोलगट भागांत शिरतो. कॉलर त्याला बाहेर पसरू देत नाही. खरी चूक यातल्याच कुठल्या तरी टप्प्यावर झालेली असते. टप्पा सांगता येत नसेल, तर नाण्यावर संशय घ्यावा.

डायला तडा गेला की धातू त्या फटीत घुसतो, म्हणून नाण्यावर तड्याची रेघ उठावदार येते. ओरखडा मात्र खोल असतो आणि सरकलेला धातू त्याच्या काठाला बारीक वरंब्यासारखा साचतो. दिवा तिरका धरला की हा फरक लगेच दिसतो. डायमध्ये ग्रीस किंवा मळ साचला तर अक्षरं अर्धवट उमटतात, पण भोवतालची मूळ चकाकी शाबूत राहते. झिजलेल्या नाण्यात आधी उंच भाग जातात आणि चकाकीही जाते. सिंहांखालचं बारीक ‘सत्यमेव जयते’ बुजलेलं आहे, एवढ्यावर कुणी जादा पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

‘क्लिप’, म्हणजे काठाचा चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेलं नाणं. पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही की चकती कापणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकती अपुरी कापली जाते. वजन खऱ्यातही कमी आणि कापलेल्यातही कमी, त्यामुळे काटा इथे निकाल देत नाही. पाहायची ती तुकड्याच्या बरोबर समोरची कड. चकतीची कड उचलताना दाब दोन बाजूंनी लागतो. एका बाजूला धातूच नसेल तर समोरचीही कड नीट उचलली जात नाही आणि बहुतेकदा पुसट राहते. शिवाय खऱ्या क्लिपजवळची अक्षरं रिकाम्या जागेकडे ओढल्यासारखी पसरट होतात. कानशीने कापलेल्या नाण्यात ती सरळ चिरलेली दिसतात.

‘ब्रॉकेज’वर फसवणूक फार होते. आधी छापलेलं नाणं डायला चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर त्याचा उलटा, खोल ठसा उमटतो. ती चकती कोरी होती, म्हणून त्या बाजूला दुसऱ्या छापाचा मागमूस नसतो. दोन नाणी व्हाइसमध्ये दाबूनही उलटी अक्षरं आणता येतात, पण त्यांच्याखाली चेपलेली मूळ अक्षरं भिंगातून दिसतात.

चुकीच्या चकतीवरचा छाप वजनावरून कळतो. २०११च्या मालिकेत १ रुपया ३.७९ ग्रॅम, २ रुपये ४.८५ ग्रॅम आणि ५ रुपये ६ ग्रॅम. पाचाचा छाप एकाच्या चकतीवर पडला असेल, तर वजन ३.७९च्या आसपास भरायला हवं. ते ५.२ भरलं तर नाणं बहुधा आम्लात बुडवलेलं आहे. पृष्ठभाग खरखरीत आणि सगळी अक्षरं सारखीच बारीक झालेली, ही त्याची खूण. या मालिकेतली एक-दोनची नाणी पोलादी आहेत, चुंबकाला चिकटतात आणि सोन्याचा मुलामा दिला तरी चिकटतातच. पाचाचं नाणं तांबं, जस्त आणि निकेलचं. आम्लाने वरवरचं जस्त निघून गेलं की ते गुलाबी दिसतं आणि ‘तांब्याचा पाच’ म्हणून खपवलं जातं.

दहाच्या दुधातू नाण्यात गाभा आणि बाहेरचं कडं एकाच डायखाली, एकाच दाबात छापलं जातं. त्यामुळे ‘भारत’ जागच्या जागी आणि मधले सिंह तेवढे तिरपे, असं टाकसाळीत होऊच शकत नाही. तो गाभा ठोकून काढून परत बसवलेला असतो. गाभा जागेवरून सरकलेल्या अवस्थेत छाप पडला असेल, तर रेघा सांध्यावरून न तुटता पुढे जातात. गाभ्याविनाच कडं छापलं गेलं तर धातू आत, भोकाकडे पसरतो. गाभा नंतर काढला असेल तर भोकाची भिंत उभी राहते, बहुधा ओरबाडलेलीही.

काही नाण्यांत मुळात चूकच नसते. सालाखाली मुंबई टाकसाळीची खूण, म्हणजे चौकट-हिरा, नाही म्हणजे खूण राहून गेली, असं नव्हे. कोलकात्याची नाणी खुणेविनाच असतात, हैदराबादच्या नाण्यांवर तारा असतो आणि नोएडाच्या नाण्यांवर टिंब.

डाय फिरल्याची परीक्षा सोपी. आपलं नाणं वहीच्या पानासारखं उलटलं की मागची बाजू सरळ दिसते. दहा-पंधरा अंशांच्या फरकाला फारसा भाव नाही. नव्वद किंवा एकशेऐंशी अंश फिरलेलं नाणं मात्र राखून ठेवण्याजोगं. अमेरिकेची नाणी मुळातच उलट्या जुळणीची असतात, त्यांना हा नियम लावू नये.

सर्वांत अवघड दुहेरी अक्षरं. डाय घडवतानाच दोनदा ठसा उमटला असेल, तर दुसरं अक्षर गोलसर, पूर्ण उंचीचं आणि कोपऱ्यांत चिरलेलं दिसतं. छापताना डाय जराशी हलली तर अक्षराचा काठ घासून बाजूला सपाट पायरी तयार होते. विक्रेते दोन्हींना एकच नाव देतात आणि एकच भाव सांगतात. पायरी सपाट आणि खालच्या पातळीवर असेल, तर ते नाणं दर्शनी किमतीचंच.