विश्वाची सांतता आणि अनंतता

विश्व कुठेतरी संपते की न संपता पसरलेलेच आहे, हा विश्वस्थितिशास्त्रातील फार जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न. बोलताना तो एकच असल्यासारखा विचारला जातो, पण त्यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. विश्वाला कड आहे का, हा एक. आणि त्याचे एकूण घनफळ सांत म्हणजे मर्यादित आहे की अनंत, हा दुसरा. पहिल्याला आजचे जवळजवळ सगळे शास्त्रज्ञ ‘नाही’ असे उत्तर देतात. दुसरा खुला आहे. कड नसूनही एखादी गोष्ट मर्यादित असू शकते, हे गणिताने नीट मांडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. त्याआधीचे बरेचसे वाद या दोन प्रश्नांच्या सरमिसळीतून झालेले दिसतात.

जुन्या कल्पना : इ. स. पू. चौथ्या शतकाच्या सुमारास आर्किटस या ग्रीक विचारवंताने पेच टाकला : विश्वाच्या कडेला उभे राहून काठी पुढे केली तर काय होईल? काठी पुढे गेली तर तिथेही जागा आहे. अडली तर तिला अडवणारे काहीतरी तिथे आहे. दोन्ही परींनी कड पुढे सरकते. ॲरिस्टॉटलला हे मान्य नव्हते. त्याच्या मते ताऱ्यांच्या गोलापलीकडे ‘जागा’च नाही, मग काठी ठेवायची कुठे? हे उत्तर युरोपात दीर्घकाळ टिकले. १५७६ मध्ये इंग्लंडच्या टॉमस डिग्जने कोपर्निकसच्या मांडणीतील ताऱ्यांचा गोल काढून टाकला आणि तारे अनंत अंतरापर्यंत विखुरलेले दाखवले. पुढे इटालियन तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनोने अनंत विश्व आणि असंख्य जग यांचा हिरिरीने पुरस्कार केला. १६०० मध्ये रोममध्ये त्याला जाळण्यात आले. त्याच्यावरील आरोपांत धर्मश्रद्धेचे मुद्दे बरेच होते, त्यामुळे केवळ विज्ञानासाठी त्याने प्राण दिले असे म्हणणे जरा सैल ठरते.

भारतीय परंपरेत दोन्ही बाजू सापडतात. जैन विश्वरचनेत जीव आणि पुद्गल (जडद्रव्य) यांचा ‘लोक’ मर्यादित आहे, पण त्याभोवतीचे ‘अलोक’ आकाश अनंत आहे. ज्योतिष सिद्धांतग्रंथांत ‘खकक्षा’ म्हणजे आकाशाचा परीघ चक्क योजनांत दिलेला असतो. सिद्धांतशिरोमणीत (११५०) भास्कराचार्यांनी तो १,८७,१२,०६,९२० कोटी योजने असा सांगितला आहे. यापुढे ते जे करतात ते आकड्याहून महत्त्वाचे. कोणी याला ब्रह्मांडाच्या कढईचा घेर म्हणतात, पौराणिक लोकालोक पर्वत म्हणतात, तर गोल जाणणारे सूर्यकिरणांनी जिथवर अंधार नाहीसा होतो तिथवरचा परीघ म्हणतात, अशी मते ते नोंदवतात. मग स्वतःचे मत देतात : ब्रह्मांड एवढे असो वा नसो, एका कल्पात (सृष्टीच्या एका महाकालखंडात) ग्रह जितकी योजने चालतो तितक्या लांबीला आम्ही खकक्षा म्हणतो. यात आधुनिक विज्ञान शोधण्याचा मोह टाळलेला बरा. मात्र मोजता येणारी राशी आणि विश्वाचा खरा आकार यांत गल्लत होऊ न देण्याची ही दक्षता आजच्या वाचकालाही ओळखीची वाटावी.

न्यूटन ते ओल्बर्स : विश्व सांत असेल तर गुरुत्वाकर्षणाने सगळे द्रव्य मध्याकडे कोसळेल, अशी अडचण १६९२-९३ च्या सुमारास रिचर्ड बेंटलीशी झालेल्या पत्रव्यवहारात न्यूटनने मांडली आणि द्रव्य अनंत अवकाशात पसरलेले असावे याकडे त्याचा कल झुकला. पण अनंत विश्वाचीही अडचण होतीच. तारे अनंत आणि अनादि असतील तर कोणत्याही दिशेला पाहिले तरी नजर शेवटी एखाद्या ताऱ्यावर पडेल आणि रात्रीचे आकाश सूर्यबिंबासारखे लखलखेल. हा युक्तिवाद जर्मन खगोलज्ञ ओल्बर्सच्या नावाने (१८२३) ओळखला जातो, जरी केप्लरने तो दोनशे वर्षे आधीच सांत विश्वाच्या बाजूने वापरला होता. आजचे उत्तर मुख्यतः काळाशी निगडित आहे : ताऱ्यांना जन्मून मर्यादित काळ झाला, त्यामुळे फार दूरचा प्रकाश अजून पोहोचलेलाच नाही. म्हणजे काळोखी रात्र विश्वाच्या वयाबद्दल सांगते. विस्ताराबद्दल ती गप्प आहे.

वक्र अवकाश : जर्मन गणितज्ञ बेर्नहार्ट रीमान यांनी १८५४ मध्ये गटिंगेन येथील व्याख्यानात ‘सीमाहीन’ आणि ‘अनंत’ यांची फारकत केली. पृथ्वीचा पृष्ठभाग हे सोपे उदाहरण. त्याचे क्षेत्रफळ ठरावीक आहे, पण मुंबईहून पूर्वेला सरळ चालत राहिले तर कुठेही कड लागत नाही. पश्चिमेकडून पुन्हा मुंबईच येते. त्रिमितीय अवकाशही असेच स्वतःवर वळलेले असू शकते. इथे आर्किटसची काठी कुठेच अडत नाही आणि तरीही विश्व सांत राहते. १९१७ मध्ये आइन्स्टाइन यांनी व्यापक सापेक्षतेच्या आधारे नेमके असेच विश्व मांडले : सांत, सीमाहीन आणि स्थिर. त्यातले ‘स्थिर’ टिकले नाही. रशियन गणितज्ञ फ्रीडमान यांनी १९२२ आणि १९२४ मध्ये दाखवले की त्याच समीकरणांतून प्रसरण पावणारी विश्वेही निघतात. त्यांची वक्रता धन (गोलासारखी), ऋण (खोगिरासारखी) किंवा शून्य (सपाट) असू शकते आणि ती ठरते सरासरी घनतेवरून. सीमारेषेवरची ही क्रांतिक घनता दर घनमीटरला साधारण ५-६ हायड्रोजन अणूंएवढी भरते. घनता त्याहून जास्त असेल तर विश्व सांत.

महास्फोट म्हणजे एखाद्या ठिकाणी झालेला आणि बाहेरच्या पोकळीत पसरत जाणारा स्फोट, या समजातूनच बहुधा कडेची कल्पना पुन्हा पुन्हा डोके वर काढते. सिद्धांतात तसे केंद्र नाही आणि बाहेरही नाही. दीर्घिकांमधील (आपल्या आकाशगंगेसारख्या तारकासमूहांमधील) अंतरे वाढतात, इतकेच. अनंत विश्वसुद्धा प्रसरण पावू शकते, आणि ते आज अनंत असेल तर सुरुवातीलाही अनंतच होते.

दृश्य विश्वाची मर्यादा : आपल्याला दिसणाऱ्या विश्वाला मात्र खरोखर मर्यादा आहे. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे. तेवढ्या काळात ज्यांचा प्रकाश येऊ शकला तेवढेच भाग दिसतात. प्रकाश वाटेत असताना अवकाशही ताणले गेल्यामुळे त्या भागांचे आजचे अंतर सुमारे ४,६५० कोटी प्रकाशवर्षे आहे. हे क्षितिज निरीक्षकागणिक बदलते. तिथल्या दीर्घिकेतून पाहणाऱ्याला आपली आकाशगंगा त्याच्या क्षितिजावर दिसेल. ‘विश्वाचा व्यास ९,३०० कोटी प्रकाशवर्षे’ असे वृत्तपत्रांत छापून येते ते या दृश्य भागाबद्दल; एकूण विश्वाबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

मोजमाप : १९६५ मध्ये सापडलेले सूक्ष्मतरंगी पार्श्वप्रारण, म्हणजे सगळ्या दिशांनी येणारे आद्य विश्वातील प्रारण, विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना मोकळे झाले. त्यातील उष्ण-थंड ठिपक्यांचा खरा आकार सिद्धांतावरून काढता येतो. अवकाश धन वक्र असेल तर ते मोठे दिसतील, ऋण वक्र असेल तर लहान. १९९८ मध्ये अंटार्क्टिकावर उडवलेल्या बूमरँग या फुग्यावरील दुर्बिणीने ते सुमारे एक अंश रुंदीचे, म्हणजे सपाट अवकाशात अपेक्षित तेवढेच असल्याचे दाखवले. प्लँक उपग्रह आणि दीर्घिकांच्या वितरणाची मापने एकत्र केली की वक्रतेचा वाटा शून्याच्या आसपास, ०.२ टक्क्यांच्या अनिश्चिततेत येतो. २०१९ मध्ये काही संशोधकांनी एकट्या प्लँकची मापने सांत, बंदिस्त विश्वाकडे झुकतात असे म्हटले होते. इतर मापने जोडली की तो कल मावळतो, म्हणून बहुतेकांनी तो स्वीकारलेला नाही.

सपाट म्हणजे अनंतच, असेही नाही. सपाट अवकाशाच्या समोरासमोरच्या बाजू गणिती अर्थाने जोडलेल्या असतील तर ते सांत राहते : एका बाजूने बाहेर पडलेला प्रकाश दुसऱ्या बाजूने आत येतो. असे विश्व पुरेसे लहान असेल तर पार्श्वप्रारणात एकाच वर्तुळाच्या जुळ्या प्रती दोन दिशांना दिसायला हव्यात. २००३ मध्ये झाँ-पिएर ल्युमिने आणि सहकाऱ्यांनी बारा पंचकोनी बाजूंच्या, पण सपाट नव्हे तर किंचित धन वक्र अशा बंदिस्त विश्वाची कल्पना मांडली तेव्हा बरीच चर्चा झाली. वर्तुळांचा शोध घेतला गेला, जोड्या मिळाल्या नाहीत. त्यावरून फार लहान बंदिस्त विश्वे बाद होतात. क्षितिजाहून मोठी शिल्लक राहतात.

महास्फोटाशी स्पर्धा करणारी अनंत विश्वाची कल्पनाही होऊन गेली. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांच्या स्थिर स्थिती सिद्धांतात (१९४८) विश्व अवकाशात अनंत आणि काळात अनादि होते. पार्श्वप्रारणाच्या शोधाने तो मागे पडला. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्याची सुधारित, आळीपाळीने प्रसरण-आकुंचन पावणाऱ्या विश्वाची आवृत्ती पुढे आणली. ती फारशी स्वीकारली गेली नाही. तरी प्रचलित मताला सतत निरीक्षणांची कसोटी लावत राहण्याचा त्यांचा आग्रह मराठी वाचकांपर्यंतही पोहोचला.

पुरावा मिळण्याच्या दृष्टीने दोन्ही पक्ष समान नाहीत. जुळी वर्तुळे सापडली तर विश्व सांत असल्याचे थेट दिसेल, आणि नक्की धन वक्रता मिळाली तर सर्वसाधारण गृहीतकांनुसार तसाच निष्कर्ष निघेल. अनंततेसाठी असे एकही निरीक्षण नाही, कारण शून्य वक्रता नेमकी शून्य आहे असे कोणतेही मापन सांगू शकत नाही. त्यातच क्षितिजाएवढ्या अंतरांवर घनतेचे चढउतार स्वतःच सुमारे एक लाखांश भागाचे आहेत. खरी वक्रता त्या पातळीला उतरली, तर ती अख्ख्या विश्वाची की आपल्या क्षितिजाआतल्या तुकड्याची, हे कितीही चांगल्या दुर्बिणीला वेगळे काढता येणार नाही.