किशोर महानायक आणि मनाचे दुखणे

अलौकिक शक्ती लाभलेला, पण भीती, अपराधभाव किंवा नैराश्याने आतून पोखरलेला शाळकरी वयाचा नायक. अमेरिकी चित्रकथांत पूर्वी अशी पोरे बहुधा मोठ्या नायकाच्या मागे जोडीदार म्हणून धावत. ऑगस्ट 1962 मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन आला तो मात्र स्वतःच नायक होता. पीटर पार्कर एका चोराला पळू देतो, तोच चोर पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो. हा सल काही केल्या जात नाही. मुखवट्याने शत्रूपासून ओळख लपते, तसे घरच्यांपासून दुखणेही. त्याच परंपरेतल्या, 2011 मध्ये अवतरलेल्या माइल्स मोरालेस या दुसऱ्या किशोर स्पायडरमॅनवरच्या 'द स्पायडर विदिन' या लघुपटात तर खलनायकच नाही. आहे तो पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणारा तीव्र भीतीचा झटका.

कोल्हापुरात ताकदीची कल्पना तालमीतून आलेली. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत मिसरूडही न फुटलेली पोरे गाव सोडून राहतात, पहाटे जोर-बैठका मारून मातीत उतरतात. राजर्षी शाहूंनी उभारलेल्या खासबाग मैदानात कुस्ती मारली की खांद्यावर मिरवली जातात. खुराक, वजन, दुखावलेला गुडघा यांवर वस्तादांची बारीक नजर असते. हरल्यानंतर रात्र रात्र डोळा न लागणे मात्र तालमीच्या कुठल्या मापात बसत नाही. 'टेन्शन आलंय' एवढ्यात परीक्षेची धास्ती, घरचे कर्ज आणि खरेखुरे नैराश्य सगळेच कोंबले जाते. त्यावरचे उत्तरही ठरलेले: 'काय होत न्हाय रं मर्दा.' म्हणणारा धीरच देत असतो, पण बोलणे तिथेच खुंटते.

पॅनिक अटॅकमध्ये छाती धडधडते, श्वास अपुरा पडतो, हातपाय थरथरतात, आता मरतो असे वाटते; बहुधा काही मिनिटांत जोर ओसरतो. कमावलेल्या शरीरालाही तो चुकत नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे 7.3 टक्के आढळले.

किशोर महानायकांच्या या कथाप्रकाराची एक खोड अशी, की शेवटच्या मारामारीत शत्रूबरोबर दुखणेही चीत होते. महिनोन्‌महिने चालणारे समुपदेशन, गोळ्या, मध्येच पुन्हा घसरणे हे चौकटींत क्वचितच येते. काढायलाही ते अवघडच. त्यात कुणी कुणाला उचलून आपटत नाही. खऱ्या आयुष्यात मात्र ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या 'टेलिमानस' या सरकारच्या मानसिक आरोग्य फोनसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, आणि फोन करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती नसते.