ठाणे कुठे गेलं?

महापेतल्या आमच्या ऑफिसात गेल्या आठवड्यात एका फॉर्ममधली जिल्ह्यांची यादी उघडली आणि जालन्यावरच कापली गेली. लगेच खाली असणारं ठाणे दिसेचना. नवी लागलेली मुलगी वैतागून म्हणाली, "सर, झेड-इंडेक्स ९९९९ दिलाय, तरी!" झेड-इंडेक्स म्हणजे पानावर कोण कोणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा, आणि ९९९९ हा आमच्या वेबपानं बनवण्याच्या धंद्यातला अंगारा. पण यादी कशाखाली दबलेली नव्हतीच. बाहेरच्या चौकटीला ओव्हरफ्लो हिडन होतं, म्हणजे 'कडेबाहेर जाईल ते काप' असा हुकूम; कात्री तिची. तिथे झेड-इंडेक्स काय करणार?

दुखणं जुनं आहे. पानावरचा घटक उचलून हवा तिथे ठेवायची सोय मे १९९८ मध्ये सीएसएस २ ने, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीने दिली. मात्र अंतर मोजायचं ते बाहेरच्या एखाद्या चौकटीपासून, नाहीतर खिडकीच्या कडेपासून. 'या बटणाच्या खाली उघड' हे साधं वाक्य त्या भाषेत बोलताच येत नव्हतं. पुढची पंचवीसेक वर्षं सगळ्यांनी ते जावास्क्रिप्टकडून, म्हणजे पानात चालणाऱ्या प्रोग्रामकडून वदवून घेतलं.

२००१ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ या ब्राउझरने तर कहर केला. त्यात सिलेक्टचा, म्हणजे पर्याय निवडायचा डबा कुठल्याही मेन्यूच्या डोक्यावर बसायचा, झेड-इंडेक्सला जुमानायचाच नाही. तोडगा काय, तर मेन्यूखाली एक रिकामी आयफ्रेम (पानातलं पान) सरकवायची. सिलेक्ट तेवढ्या तिलाच दबायचा. हे मी केलंय, आणि नव्या पोरांना सांगताना आजही ओशाळायला होतं.

बटणाची जागा विचारा, यादीची उंची मोजा, खाली मावत नसेल तर वर उलटवा, स्क्रोल झालं की पुन्हा पहिल्यापासून. ही हमाली तयार कोडच्या लायब्रऱ्यांनी अंगावर घेतली, २०१४ मध्ये टेदरने आणि २०१६ मध्ये पॉपरने. फ्लोटिंग यूआय हा पॉपरचाच वारस. देवनागरीत आणखी एक गोम असते. फॉन्ट उतरण्याआधी माप घेतलं तर 'छत्रपती संभाजीनगर' नंतर रुंदावतं आणि चौकट कडेबाहेर जाते.

कात्रीवर रिअ‍ॅक्ट १६ या पानं बांधायच्या लायब्ररीने २०१७ मध्ये पोर्टल दिलं: यादी थेट बॉडीच्या, म्हणजे पानाच्या मजकुराच्या शेवटी नेऊन टाका. कापणं थांबलं, पण टॅब दाबत येणारा माणूस यादीऐवजी पुढच्याच रकान्यात पोचू लागला.

ब्राउझरने स्वतः लक्ष घातलं ते अलीकडे. पॉपओव्हर, म्हणजे ब्राउझरची स्वतःची वर उघडणारी चौकट, क्रोममध्ये २०२३ ला, फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ ला आला. तो सगळ्यांच्या वरच्या थरात उघडतो, तिथे कुठलीच कात्री पोचत नाही. मे २०२४ मध्ये क्रोम १२५ ने अँकर पोझिशनिंग आणलं: बटणाला नाव द्यायचं आणि यादीला ते कळवायचं.

आमच्या फॉर्मला आता पॉपओव्हर आहे. अँकर ओळखणारे ब्राउझर आपली जागा आपण धरतात, जुन्या फोनांसाठी फ्लोटिंग यूआय ठेवलंय. ठाणे दिसतं, धाराशिवच्या वर.