ओक्लाहोमात फोर्स्ड पूलिंगची नोटीस आली तर काय करायचं

आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असलं तरी जमिनीखालच्या तेलावर आपला हक्क नसतो, त्यामुळे अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच लोकांना हे चटकन लक्षात येत नाही की तिथे मिनरल राइट्स (जमिनीखालच्या तेल-वायू-खनिजांचे हक्क) खाजगी मालकीचे असतात आणि वरच्या जमिनीपासून वेगळे विकलेही जातात. ओक्लाहोमात तुमच्या नावावर असे राइट्स असतील, अगदी 5 एकर का असेनात, तर हे वाचाच.

कंपनीला विहीर खोदायचीय, युनिट (त्या विहिरीसाठी ठरवलेलं क्षेत्र) समजा 640 एकरचं, आणि तुम्ही लीज, म्हणजे तुमच्या हिश्श्यातून तेल-वायू काढायचा करार, दिली नाही. मग कंपनी ओक्लाहोमा कॉर्पोरेशन कमिशनकडे (राज्याची तेल-वायूवर देखरेख करणारी संस्था) पूलिंगचा अर्ज करते, म्हणजे युनिटमधल्या सगळ्यांचे हिस्से, कोणी तयार नसला तरी, त्या विहिरीसाठी एकत्र करायचा आदेश मागते. तिथे खोदायचा हक्क असलेला कुठलाही मालक असा अर्ज करू शकतो, ठराविक टक्के मालकांची संमती लागत नाही. कोलोरॅडोत मात्र 2019 च्या कायद्यापासून 45 टक्क्यांपेक्षा जास्त हिश्श्याची संमती लागते, मला तेच जास्त न्यायाचं वाटतं.

सुनावणीच्या किमान 15 दिवस आधी नोटीस येते. पत्ता जुना असेल तर ती पोचणारच नाही आणि काम तुमच्याशिवाय पुढे जाईल, म्हणून काउंटी क्लर्ककडच्या (जमिनीच्या नोंदी ठेवणारं स्थानिक कार्यालय) रेकॉर्डला पत्ता आणि नाव नीट आहे ना ते आधी बघा. सुनावणीत बोनसचा (एकरमागे एकदाच मिळणारी रोख रक्कम) भाव आजूबाजूच्या सेक्शन्समध्ये (जमिनीचे 640 एकरचे चौकोन) काय दिला गेला त्यावरून ठरतो, तुमच्याकडे जास्त भावाची लीज ऑफर असेल तर ती तिथे दाखवा.

ऑर्डर निघाली की साधारण 20 दिवस मिळतात, आणि हे दिवस ऑर्डरच्या तारखेपासून मोजतात, पत्र हातात पडल्यापासून नाही! एकतर खर्चात भागीदार व्हा (विहीर 80 लाख डॉलरची धरली तर 5 एकरवाल्याचा वाटा 62,500 डॉलर होतो), नाहीतर बोनस आणि रॉयल्टी (खर्च न उचलता उत्पादनातला ठराविक वाटा) घ्या. बोनस जास्त घेतला तर रॉयल्टी कमी, म्हणजे 1/8, आणि बोनस कमी किंवा अजिबात नको म्हटलं तर 3/16, 1/5 असे पर्याय असतात. काहीच कळवलं नाही तर ऑर्डरमध्ये आधीच लिहून ठेवलेला पर्याय लागू होतो, आणि तो बहुतेक वेळा बोनस घेऊन कमी रॉयल्टीचाच असतो.

कागदपत्रं म्हणजे मिनरल डीड (मिनरल राइट्सचं खरेदीखत), वारसाहक्काने आलं असेल तर प्रोबेटची (वारसा मान्य करणारी कोर्टाची) ऑर्डर, आणि पेमेंटसाठी डब्ल्यू-9 (टॅक्स नंबर कळवायचा अमेरिकन फॉर्म). निवड लेखीच कळवा, सर्टिफाइड मेलने, पावती जपून ठेवा.